मुलं लहान असताना ग्राफिक डिझाईनचं काम: नाशिकमध्ये घरून सुरुवात कशी करायची

नाशिकमध्ये डिझाईनचं काम भरपूर आहे. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष निर्यातदारांना दरवर्षी खोके लागतात. बेदाणे, मसाले, पापड विकणाऱ्या बचत गटांना लेबलं लागतात, सातपूर-अंबडच्या कारखान्यांना कॅटलॉग, कॉलेज रोडवरच्या क्लासेसना उन्हाळ्यात पत्रकं आणि येवल्याच्या पैठणीवाल्यांना रोजच्या पोस्ट. घरात दोन-तीन वर्षांचं मूल असलं की अडतं ते वेळेपाशी.

नवीन माणूस बहुधा आधी सॉफ्टवेअर शिकतो, मग मिळेल ते काम घेतो आणि शेवटी मुलाचं खाणं-झोपणं त्या कामात कोंबायला बघतो. माझं म्हणणं, हा क्रम उलटा करा. आपल्याला दिवसातले कोणते तास खरोखर मिळतात ते आधी बघा, त्या तासांत मावणारं काम निवडा आणि त्या कामापुरतं सॉफ्टवेअर शिका. हे आईसाठी आहे तसंच घरी राहून मूल सांभाळणाऱ्या बाबांसाठीही आहे.

आधी तास मोजा

एक आठवडा काहीही न बदलता फक्त लिहून ठेवा: मूल कधी झोपलं, नर्सरीत किंवा अंगणवाडीत किती वेळ होतं, आजीकडे कधी रमलं, रात्री खरंच कधी झोपलं. आठवडा संपला की त्या तासांचे दोन भाग करा, सलग आणि तुटक. कोणी हाक मारणार नाही असा किमान दीड तास मिळत असेल तर तो सलग धरा. बाकी सगळे तुटक, मग बेरीज कितीही मोठी दिसो.

कामंही तशीच दोन प्रकारची असतात. लोगोची कल्पना सुचणं, पानाची मांडणी, दर ठरवणं आणि छापायला जाण्याआधीचं शेवटचं प्रूफ यांना सलग वेळच लागतो. फोटोचं बॅकग्राउंड काढणं, मॅटर (मजकूर) टाइप करणं, एकाच पोस्टचे वेगवेगळे साइज काढणं, बिलं करणं हे सगळं तुटक वेळेत होतं. दुपारी मूल झोपलं की लगेच बिलं करायला बसू नका. तो दिवसातला सगळ्यात महाग वेळ आहे, त्यात मांडणी करा. आणि मांडीवर मूल असताना शेवटचं प्रूफ कधीही पाठवू नका, पार्टी (म्हणजे ग्राहक) कितीही घाई करो.

तुटक वेळेत काम पुढे सरकायचं असेल तर एक सवय हवीच. उठताना फाइलच्या कोपऱ्यात, आर्टबोर्डच्या (डिझाईनच्या पानाच्या) बाहेर, पुढचं पाऊल लिहून ठेवायचं. उदाहरणार्थ: "पुढे: मागची बाजू, पोषणाचा तक्ता डावीकडे, हिरवी खूण राहिली." मूल उठतं, खातं, पडतं, रडतं, तीन तासांनी परत बसता तेव्हा आपण कुठे होतो हे आठवण्यातच वीस मिनिटं जातात. ती वाचतात. फाइलचं नावही ठरलेल्या पद्धतीनं द्या, आधी पार्टी, मग काम, मग तारीख. "फायनल" आणि "फायनल नवीन" अशी नावं ठेवू नका. उठताना विंडोजची खूण असलेली कळ आणि एल दाबून स्क्रीन लॉक करायची, कारण दीड वर्षाच्या मुलाला कीबोर्डइतकं आवडणारं खेळणं घरात दुसरं नसतं. फाइल्स क्लाउडवर आपोआप जातील असं करून ठेवा.

पाळणाघराबद्दल स्पष्टच सांगते. परवडत असेल तर आठवड्यातून दोन-तीन अर्धे दिवस ठेवा आणि त्याची फी धंद्याचा खर्च समजून आपल्या दरात धरा. "कमाई सुरू झाली की ठेवू" असं ठरवलं तर कमाई सुरूच होत नाही. पाळणाघर नको असेल तर इमारतीतल्या एखाद्या मैत्रिणीशी आळीपाळी लावा, मंगळवारी तिची मुलं तुमच्याकडे, गुरुवारी तुमची तिच्याकडे.

घरातही बोलणं स्पष्ट हवं. संध्याकाळी सात ते नऊ मूल पूर्णपणे नवऱ्याचं, असं ठरलं तर त्यात जेवण, सांडलेलं पुसणं, झोपवणं सगळं आलं. मधे मधे "हिचा फ्रॉक कुठंय?" अशी हाक आली की तो वेळ तुटकच झाला. सासूबाईंना "कॉम्प्युटरवर काहीतरी करते" एवढंच माहीत असेल तर छापून आलेलं पहिलं खोकं किंवा लेबल त्यांच्या हातात द्या. हातात धरता येणारी वस्तू दिसली की घरातल्यांचं या कामाकडे बघणं बदलतं, असा माझा अनुभव आहे.

मग कामाचा प्रकार निवडा

सुरुवातीला सगळ्यात सहज मिळतं ते फ्लेक्सचं काम. वाढदिवस, नियुक्ती, भावपूर्ण श्रद्धांजली. मूल लहान असताना हे काम घेऊ नका असं मी ठामपणे सांगते. ते संध्याकाळी सातला येतं आणि रात्री नऊला मशीनवर लागायचं असतं, दर कमी असतो आणि ती दोन तासांची घाई नेमकी जेवण-झोपेच्या वेळेवर येते. लग्नपत्रिकेचंही थोडंफार असंच. तिथे घाई कमी, पण दोन्ही घरच्या नावांचा क्रम चार वेळा बदलतो.

त्यापेक्षा मुदत दिवसांत किंवा आठवड्यांत मोजली जाते अशी कामं शोधा: लेबल, खोकं, कॅटलॉग, शाळेचं माहितीपत्रक, वाईनरीचं किंवा कृषी पर्यटन केंद्राचं मेन्यूकार्ड, महिन्याच्या पोस्ट एकदम तयार करून द्यायचं काम. नाशिकचं हे वर्ष बऱ्यापैकी ठरलेलं असतं. ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षवाल्यांच्या डोक्यात हंगाम सुरू होतो. माल जानेवारीपासून निघणार, म्हणून खोक्यांची डिझाईनं नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत व्हावी लागतात. शाळा आणि क्लासेसचं काम जानेवारीपासून जूनपर्यंत. फराळ, भेटवस्तू आणि दिवाळीच्या जाहिरातींचं काम गणपतीच्या आधीच विचारायला जावं, नंतर गेलात तर ते दुसऱ्याला दिलेलं असतं. २०२७ च्या सिंहस्थामुळे हॉटेलं, प्रवासी कंपन्या, पूजासाहित्यवाले यांचं कामही वाढणार. त्यातलं आधीपासून ठरवून करता येईल तेवढं घ्या, ऐन पर्वणीच्या आठवड्यातलं नको.

परदेशी कामाचं घड्याळही आधी बघा. इंग्लंडमधलं ऑफिस आपल्याकडे दुपारी दीड-अडीचला उघडतं, म्हणजे दुपारच्या झोपेच्या वेळेत बोलणं होऊ शकतं. सिडनीचं ऑफिस आपल्याकडे साडेअकरा-साडेबाराच्या सुमारास बंद होतं, म्हणजे सकाळी मूल नर्सरीत असताना त्यांच्याशी बोलता येतं. अमेरिकेचा दिवस आपली रात्र खातो. मूल रात्रभर सलग झोपायला लागेपर्यंत त्या वाटेला जाऊ नये.

शिकायचं काय

छापखान्यांत अजूनही कोरलड्रॉ मोठ्या प्रमाणावर चालतं, त्यामुळे ते आलेलं चांगलं. इलस्ट्रेटर आणि फोटोशॉप सगळीकडे लागतात. सुरुवातीला पैसे घालायचे नसतील तर इंकस्केप आणि गिंप फुकट आहेत आणि शिकण्यासाठी पुरेसे आहेत. कॅनव्हावर पोस्ट पटकन होतात, पण ज्या कामाचे चांगले पैसे मिळतात त्याला छपाईची समज लागते.

मात्र नाशिकच्या पार्टीला तुम्ही वेगळ्या वाटाल त्या मराठी अक्षरांमुळे. इंग्रजीत छान काम करणारे पुष्कळ आहेत, पण देवनागरी नीट बसवणारे कमी. इनडिझाईन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हा अक्षरजुळणीचा पर्याय निवडला नाही तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी भलत्याच जागी बसते. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरमध्येही टाइपच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा पर्याय चालू करावा लागतो. फॉन्ट निवडताना ल आणि श मराठी वळणाचे आहेत का ते बघा. बऱ्याच फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे असतात आणि मराठी वाचणाऱ्याला ते लगेच खटकतात. "दुसऱ्या", "वाऱ्यावर" असे शब्द टाइप करून बघा, ऱ्य नीट आला तर फॉन्ट कामाचा. मुंबईच्या एक टाइप या गटानं केलेले मुक्ता आणि बालू हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, व्यावसायिक कामात बिनधास्त वापरा. चोरून उतरवलेले फॉन्ट मात्र खोक्यावर घालू नका.

पार्टीकडून श्री-लिपी या जुन्या फॉन्ट-पद्धतीतलं मॅटर आलं तर ते युनिकोडमध्ये (आज सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत) बदलून घ्यावं लागतं, आणि बदलताना काही अक्षरं घसरतात. आकडे, रफार आणि जोडाक्षरं मुळाशी ताडून बघा. डोळ्याला वळण लागावं म्हणून कमल शेडगे यांनी केलेली मराठी नाटकांची शीर्षकं शोधून बघत राहा. शब्दाचा स्वभाव अक्षराच्या रेषेत कसा उतरतो हे तिथे जितकं कळतं तितकं कुठल्या कोर्समध्ये कळणार नाही.

छापखान्यात जा, मुलाला न घेता

एखाद्या ओळखीच्या छापखान्यात विचारून दोन-तीन सकाळी उभं राहू द्या म्हणावं. प्लेट कशी लागते, कागदाचा जीएसएम (वजन) हाताला कसा लागतो, लॅमिनेशन आणि हाफ कट म्हणजे काय, कटिंगमध्ये किती इकडेतिकडे होतं, हे बघितलेला डिझायनर आणि न बघितलेला डिझायनर यांच्या फाइलमधला फरक छापणाऱ्याला लगेच कळतो. काही गोष्टी पहिल्या दिवसापासून पाळा: रंग सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंत), फोटो छापण्याच्या आकाराला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारा जादा भाग), छापायला देताना फॉन्ट कर्व्ह केलेले (अक्षरांचे आकार करून टाकलेले), आणि कर्व्ह न केलेली मूळ फाइल आपल्याकडे जपून ठेवलेली.

कोरूगेटेड (नालीदार पुठ्ठ्याच्या) बॉक्सवर थेट छपाई असेल तर ती बहुधा फ्लेक्सो (लवचिक प्लेटच्या) पद्धतीची असते. त्यात बारीक रेघा भरून येतात आणि गडद रंगावरची बारीक पांढरी अक्षरं बुजतात. द्राक्षाच्या घडावर सुंदर बारीक छटा काढून दिल्या आणि पुठ्ठ्यावर त्याचा डाग झाला तर दोष तुमच्याकडे येतो. म्हणून खोक्याचं काम घेतलं की पहिला प्रश्न हा: छपाई कुठल्या पद्धतीनं, किती रंगांत आणि कशावर?

एक लेबल नीट करून बघा

पहिलं सरावाचं काम म्हणून मी बेदाण्याच्या पाव किलोच्या पाकिटाचं लेबल सुचवते, कारण त्यात सगळंच शिकून होतं. पुढच्या बाजूला नाव, माल आणि निव्वळ वजन. मागे घटक, पोषणाचा तक्ता, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, १४ आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) क्रमांक, बॅच नंबर, तारीख, कधीपर्यंत वापरावं, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी फोन-ईमेल. हिरव्या चौकटीतलं हिरवं वर्तुळ विसरायचं नाही. आणि ही गोष्ट फार जणांना माहीत नसते: कायद्यानं लागणारा हा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो, मराठी त्याच्या जोडीला घालता येतं. फक्त मराठीत सुरेख लेबल करून दिलं तर बचत गटाच्या ताईंना ते परत छापावं लागू शकतं. अक्षरांच्या किमान उंचीचे नियम पाकिटाच्या आकारावर ठरतात, ते त्या त्या वेळी बघून घ्या.

बॅच आणि तारीख शिक्क्यानं मारणार असतील तर तेवढी जागा पांढरी आणि लॅमिनेशनशिवाय ठेवायला सांगा. चकचकीत लॅमिनेशनवर शिक्क्याची शाई बोटानं पुसली जाते. हे तुम्ही आपणहून सांगितलंत की पार्टी पुढचं काम घेऊन तुमच्याकडेच येते.

अशी चार-पाच सरावाची कामं झाली की त्यांची हलकी पीडीएफ करा, व्हॉट्सअॅपवर जाईल एवढी. प्रत्येकाखाली "सरावासाठी केलेलं" असं खरं लिहा. मग पहिले ग्राहक ओळखीत शोधा. नर्सरीच्या बाई, सोसायटीत मसाले विकणाऱ्या काकू, नवऱ्याच्या मित्राचा अंबडमधला कारखाना. फुकट करून देऊ नका, कमी दर लावा, पण बिल द्या. अंबड-सातपूरच्या लोकांना समोर भेटल्याशिवाय विश्वास वाटत नाही, त्यामुळे भेटींचा महिन्यातून एखादाच दिवस ठरवा आणि छापखान्याची फेरी त्यालाच जोडा.

दर आणि बोलणं

समजा रोज तीन तास आणि महिन्याला वीस दिवस मिळतात, म्हणजे साठ तास. त्यातले वीस फोन, बिलं, भेटी आणि दुरुस्त्यांत जातात. बिल लावता येतील असे चाळीस उरतात. तुम्हाला हातात वीस हजार हवेत आणि सॉफ्टवेअर, इंटरनेट, पाळणाघर मिळून चार हजार खर्च आहे, तर चोवीस हजार भागिले चाळीस, म्हणजे तासाला सहाशे. लेबलाला दहा तास लागणार असतील तर सहा हजार. पार्टीला तासाचा हिशोब सांगू नका, कामाचा एकच आकडा सांगा. शेजारचा फ्लेक्सवाला पाचशेत करतो म्हणाले तर वाद घालू नका, तो वेगळं काम करतो.

काम ठरलं की लगेच व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा. असं काहीतरी:

"ताई, लेबलाचं काम सोमवारपासून घेते. दोन नमुने पुढच्या शुक्रवारी देते. एकूण सहा हजार, निम्मे सुरुवातीला. दोन वेळा बदल यात धरले आहेत, त्यानंतरच्या बदलांचे वेगळे. मॅटर आणि लायसन्स नंबर आला की दिवस मोजायला सुरुवात करू."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. घरून काम करणाऱ्याचा सगळ्यात जास्त वेळ मॅटरची वाट बघण्यात जातो, आणि मॅटर शुक्रवारी रात्री येतं.

तारीख देताना काम संपेल असं वाटतं त्याच्या पुढे तीन दिवस धरा. पावसाळ्यात आणि नर्सरीच्या पहिल्या वर्षात आणखी जास्त, कारण सर्दी-ताप आलटूनपालटून चालूच असतो. दिवस सांगा, वेळ सांगू नका. मूल आजारी पडलं तर त्याच दिवशी कळवा आणि सोबत नवी तारीख द्या. आपल्यासारखीच परिस्थिती असलेली एक डिझायनर मैत्रीण जोडून ठेवा. अडल्यावर एकमेकींचं काम पुरं करून द्यायचं, पैसे ठरवून द्यायचे, पार्टी मात्र जिची तिचीच राहील, हे आधीच बोलून ठेवा.

प्रूफ पाठवलं की "वाचलं, छापायला हरकत नाही" असं लेखी उत्तर आल्याशिवाय छापायची फाइल देऊ नका. प्रूफवरचा फोन नंबर पाहून स्वतः फोन लावा. ज्याला लागायला हवा त्यालाच लागला, तर बरोबर.

कागदपत्रं

वेगळं बचत खातं उघडा, कामाचे सगळे पैसे त्यातच येऊ द्या. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. तिचा खरा उपयोग थकलेल्या बिलासाठी आहे: नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल, लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत देणं २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानं खरेदीदारावर बंधनकारक आहे. कारखान्यांच्या बिलाखाली आपला उद्यम क्रमांक लिहीत जा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवेसाठी साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. कंपनीनं बिलातून टीडीएस (आधीच कापलेला आयकर) कापला तर तो आयकर पोर्टलवर तुमच्या पॅनखाली दिसतो, विवरणपत्र भरून तो हिशोबात धरता येतो किंवा परत मिळतो. पहिल्याच वर्षी एखाद्या सीएकडे तासभर बसून घ्या. लोगोचे हक्क पार्टीला हवे असतील तर ते सहीनिशी लेखी द्यावे लागतात. पूर्ण पैसे आल्यावरच द्या. ओपन फाइलचा (बदल करता येणाऱ्या मूळ फाइलचा) दर वेगळा असतो हे कोटेशनमध्येच लिहा.

दर वर्षी जूनमध्ये

शाळा सुरू झाली की तासांचा तो आठवडा पुन्हा लिहून काढा. बालवाडीतलं मूल पहिलीत गेलं की सलग तास एकदम वाढतात आणि तेव्हा ब्रँडिंगसारखं मोठं काम घेता येतं. त्याच महिन्यात जुनी यादी काढा. ज्यांचं मॅटर कायम उशिरा येतं, जे रात्री दहानंतर फोन करतात आणि ज्यांचे पैसे मागून मागून मिळतात, त्यांना वाढीव दर सांगा. ज्यांचं काम सुरळीत चालतं त्यांना थोडीच वाढ आणि महिनाभर आधी कळवलेली: "दादा, जुलैपासून महिन्याच्या पोस्टचे आठ हजारांऐवजी नऊ हजार होतील. दिवाळीचं काम आत्ता नक्की केलंत तर ते जुन्या दरानं करून देते." दिवाळीची निम्मी यादी जूनमध्येच भरली की ऑगस्टमध्ये कोणाच्या मागे लागावं लागत नाही.